खाडीत न सोडलेलं शेवाळ

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता आपल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मॅडम म्हटलं की मुलांना दुसरीच कोणी आठवते. मला मात्र तुम्हीच दिसता. कमरेइतक्या पाण्यात उभ्या, पदर खोचलेला, दोन्ही हातांत जलपर्णीचा भारा.

ती जलपर्णी तुम्हीच आणली होती. तिच्या देठातली हवेची पोकळी आम्हाला कापून दाखवता यावी म्हणून तुम्ही थोडी रोपं प्रयोगशाळेमागच्या हौदात सोडलीत. पावसात हौद भरून वाहिला, पाणी नाल्यातून आचोळे गावाकडच्या एका तळ्यात गेलं, आणि दिवाळीपर्यंत तळं दिसेनासं झालं. लोक जांभळी फुलं बघायला थांबायचे. मग मासे मरून तरंगायला लागले. ही कुठून आली, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजातले बाकीचे म्हणाले, ‘कशाला सांगायचं? पुराच्या पाण्यानंही येते ती.’ तुम्ही आम्हाला घेऊन सरळ तळ्यावर गेलात. धुणं घेऊन उभ्या असलेल्या बायकांना म्हणालात, ‘ही मी आणली. चूक माझी आहे.’ एक म्हातारी भडकली. ‘शिकलेली बाय ना तू? आता पानी पन दिसत नाय आमाला!’ तुम्ही सारवासारव केली नाहीत. ‘खरं आहे, मावशी,’ म्हणालात आणि चपला काढून पाण्यात उतरलात. त्यानंतर कितीतरी रविवार तुम्ही उतरत राहिलात. आम्ही कंटाळून गळालो, तुम्ही नाही. शेवटी शेवटी ती म्हातारी काठावर बसून तुमच्याशी गप्पा मारायची, आणि एकदा जाताना तिनं तुमच्या हातात केळ्यांची फणी ठेवली. तुम्ही ती घेताना लाजलात. तुम्हाला लाजताना मी तेवढंच पाहिलं.

त्याच वर्षी मी एका वनस्पतीबद्दल निबंधात लिहिलं होतं, ‘ही निरुपद्रवी समजली जाते.’ तुम्ही वही पुढे सरकवून विचारलंत, ‘कोण समजतं? आणि कुठल्या पाण्यात? हौदातल्या की तळ्यातल्या?’

मॅडम, मी आता शेवाळापासून इंधन बनवणाऱ्या कंपनीत आहे. आमच्या शेवाळाच्या जनुकांत बदल केलाय. पेशीत तेल जास्त साठतं, वाढही झपाट्यानं होते. तुम्ही असतात तर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासभर उठला नसतात, इतकं सुंदर दिसतं ते. आणि काम चांगलंच आहे, हे मी मनापासून मानते. पण बंद नळ्यांत वाढवणं परवडेना, म्हणून वसईच्या खाडीलगतच्या, वापरात नसलेल्या मिठागरांत गोडं पाणी भरून ते उघड्यावर वाढवायचं ठरलं. त्याचा पर्यावरण-अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमचे साहेब म्हणाले, ‘हे गोड्या पाण्यातलं आहे. खाडीत गेलं तर खाऱ्या पाण्यात मरेलच. तेवढं लिहून टाका.’

मी लिहायला बसले, आणि पावसाळ्यात मिठागरं खाडीशी एक होतात, हे मनातून जाईना. तेव्हा खाडीचं पाणी खारं तरी कितीसं राहतं? मग मी जुलैतलं खाडीचं पाणी आणलं आणि प्रयोगशाळेत, बंद बरण्यांत आमचं शेवाळ त्यात वाढवून पाहिलं. ते मेलं नाही. खाडीतल्या मूळच्या शेवाळाला मागे टाकून तेच वाढत गेलं. त्या मूळच्या शेवाळावर जगणारे बारीक जीव, ज्यांच्यावर कोळंबीची पिल्लं पोसतात, ते आमच्या बरण्यांत कमी कमी होत गेले.

बैठकीत मी ते सगळं मांडलं. साहेब चिडले. ‘बरणी म्हणजे खाडी नव्हे!’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘खाडीत काय होईल ते मला माहीत नाही. पण तिथून ते वेचून परत आणता येणार नाही. जलपर्णी निदान हाताला तरी लागते.’

पुढे बाहेरचे तज्ज्ञ बोलावले, त्यांनी बरण्या पाहिल्या, आणि मिठागरांचा बेत थांबला. शेवाळ अजून नळ्यांतच आहे. कायमचं थांबलं असं नाही. खर्चाचा विषय निघाला की पुन्हा माझ्याकडे वळून बघतात. साहेब माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. मी आता नळ्यांचाच खर्च कसा कमी होईल यावर काम करते, आणि त्यात मला मजा येते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. त्या दिवशी बैठकीत साहेबांनी विचारलं होतं, ‘तुम्हाला नक्की माहीत नाही, तर अडवता कशाला?’ मी म्हटलं, ‘आमच्या मॅडम सांगायच्या, ज्याचं उत्तर माहीत नाही ते वाहत्या पाण्यात सोडू नये.’ बाकीच्यांना ते पटलं. एकानं लिहूनही घेतलं. मॅडम, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. ते माझंच होतं. पण तुमचं म्हटल्याशिवाय तोंडातून निघेना.