शंभरातल्या आठ पेशी

३ जून

चि. चिमीस अ. आ.

दुसरंही बाळ गेलं. अकरा दिवसांचं होतं. पहिल्यासारखंच, हृदय नीट घडलंच नव्हतं. डॉक्टर म्हणतात, सगळी जनुकं शाबूत आहेत. दवाखान्याच्या जिन्यात मी तुझ्या वहिनीला बोलून गेलो की खोट तुझ्याकडचीच. ती पिशवी भरून माहेरी गेली.

गॅरेजात इंजिन उघडलं की बिघाड हाताला लागतो. इथे काय उघडू? तू पेशींचंच काम करतेस. बाळाच्या आणि आम्हा दोघांच्या रक्ताचे नमुने दवाखान्यात आहेत. बघशील?

तुझी आठवण काढणारा,
दादा

२० जुलै

ती. दादास सा. न.

नमुने बघितले. पेशीच्या केंद्रकात दोन मीटरचा धागा घड्या घालून बसलेला असतो. त्यात प्रत्येक जनुकाची जागा साधारण ठरलेली. कडेच्या भिंतीशी असतात ती बहुतेक झोपलेली, आतली जागी. बाळाच्या धाग्याचा एक तुकडा उलटा बसला होता. त्यामुळे कडेला झोपून राहायचं ते जनुक आत ओढलं गेलं आणि नको तेव्हा जागं झालं. हरवलं काहीच नव्हतं, म्हणून तपासणीत सापडलं नाही.

वहिनीच्या पेशींत सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या शंभरातल्या आठ पेशींत तोच तुकडा उलटा आहे. बाकीच्या नीट, म्हणून तू धडधाकट; बाळाच्या मात्र प्रत्येक पेशीत तो तुझ्याकडून गेला. तू आईच्या पोटात असतानाच झालं असणार. त्यात तुझा गुन्हा नाही. जिन्यात बोललास, तो आहे. हे वाक्य तीनदा खोडलं, शेवटी ठेवलं.

फोन करू नकोस, स्वतः जा. जेवत जा.

रागावलास तरी तुझीच,
चिमी

९ ऑगस्ट

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

हे रविवारी आले, ग्रीसच्या कपड्यांतच. तुमचं पत्र माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, तुम्हीच वाचा. आठ पेशींपाशी थांबले, पण वाचलं. मला एकदम हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पहिलं बाळ गेल्यापासून चार वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते. ह्यांनी तो फक्त बोलून दाखवला.

घरी चल म्हणाले. मी म्हटलं, आत्ता नाही.

निघताना ह्यांनी विचारलं, बाळ कुणासारखं होतं. नळ्या-पट्ट्यांमुळे ह्यांना चेहरा धड दिसलाच नव्हता. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं ह्यांचंच होतं. मी सांगितलं, माझ्यावर गेलं होतं.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची वहिनी