नराच्या रोपाची व्यवस्था

मी, इंदिरा रघुनाथ ढवाण, वय ७४, निवृत्त वनस्पतिशास्त्र अध्यापिका, रा. कन्हेरी, ता. बारामती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चालताना दम लागतो. डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बारामतीतला फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा विराज याला. कपाटाची किल्ली कुठे असते ते त्याला दहावीपासून माहीत आहे.

२. भिंग, चिमटे व वाळवलेल्या पानांच्या फायली नात इरा हिला. फायली उन्हात ठेवू नयेत.

३. कन्हेरीच्या घरामागची तीन गुंठे जागा. येथे शेडनेटखाली हॉलीच्या, म्हणजे नाताळच्या सजावटीतल्या लाल फळांच्या झाडाच्या, कुळातली एकाच रानजातीची झाडे आहेत. ही जात घाटात आता फार थोडी उरली आहे. ज्या झाडाचे बी मी आणले, ते दरडीखाली गेले. या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. दोन्ही असल्याशिवाय फळ धरत नाही. माझ्याकडे दोन माद्या व एक नर होता.

२०२१ साली मी मोतीबिंदूसाठी पुण्यात असताना माझे दीर रामहरी, रा. पिंपळी, यांनी नर उपटला. त्यांची पपईची बाग आहे. पपईत जादा नर काढतातच.

"फळ न देणाऱ्याला पाणी कशाला, वैनी? तुमचं काम हलकं केलं," ते म्हणाले.

"उद्यापासून येऊ नका, भावजी."

ते दुसऱ्या दिवशी आले. नंतरही रोज.

उपटलेल्या झाडाच्या नऊ फांद्या मी लावल्या. एक जगली. तिला फूल यायला अजून तीन-चार वर्षे लागतील. मला तेवढी मिळतील असे डॉक्टर म्हणत नाहीत. त्या रोपाला आजवर रामहरींनी पाणी घातले आहे. आम्ही फारसे बोलत नाही.

४. सबब ही जागा झाडांसह रामहरी यांना. तिला गिऱ्हाईक आले आहे हे मला ठाऊक आहे; तरी विराजने हरकत घेऊ नये. फळ धरल्यास बी घाटात न्यावे. गाडी विराजने काढावी.

५. रामहरी आज साक्षीदार म्हणून सही करायला आले होते. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकिलांनी सांगितले. मी त्यांना एवढेच म्हणाले, "तुमची सही नको."

"अजून राग गेला न्हाय व्हय, वैनी?"

कारण सांगितले असते तर त्यांनी जागा नाकारली असती. ते पाणी घालायला गेले.

माझ्यामागे हे कलम त्यांना सर्वांत आधी वाचून दाखवावे.

सही: इंदिरा रघुनाथ ढवाण

आमच्या देखत सही झाली:
१. राजेश्वरी मानसिंग काळोखे, कन्हेरी
२. शंभूराज दत्तात्रय भापकर, सुपे

कन्हेरी, दि. १४ नोव्हेंबर २०२५