गळती शून्य

३ तारीख, सोमवार

या नोकरीचा खरा हिशेब एकदाचा मांडून ठेवतो, म्हणजे पुढे कुरकुर करायला तोंड राहणार नाही. राहायला जागा फुकट, असं साहेबांनी कळवलं होतं. त्या फुकट जागेपायी माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गेलं, बायकोची शिवणकामाची गिऱ्हाइकं गेली, सामान चढवताना कपाटाचा आरसा गेला आणि माझी कंबर गेली, ती अजून परत आलेली नाही. बायको म्हणाली, आणखी एखादी गोष्ट फुकट मिळाली तर आपण रस्त्यावर येऊ.

तरी मजेत आहे. पुढची खोली, मधली खोली आणि मागे बिनखिडकीची अडगळीची खोली. भिंती कोरड्या. बायकोची बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते. म्हणजे हिचं माहेर आणि मला मेहुणीचे टोमणे, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर.

काम असं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आमच्या केंद्राचं एक बटण असतं. ते दाबलं की त्यांचा आवाज नेटवर्कवरून इथे येतो. इथल्या बायका त्यांच्याशी बोलतात, गरज पडली तर माणूस धाडतात. तक्रार अशी की आवाज फार तुटतो. साहेबांनी शिक्षण विचारलं. मी म्हटलं, कागद नाही, कान आहेत. सगळं जुन्या संगणकांची पोटं फाडून शिकलो. तीन खोल्यांत कुठेही टाचणी पडली तर ती कुठल्या खोलीत पडली ते बसल्या जागी सांगेन. साहेब मनापासून हसले. बायको हसली नाही. तिने हे कान संसारभर सोसलेत.

५ तारीख

दुखणं सापडलं. आवाज अखंड येत नाही, त्याचे बारीक तुकडे होऊन पाकिटं येतात. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. आलेली पाकिटं तो ओसरीवर रांगेने बसवतो आणि आतला प्रोग्रॅम मोकळा झाला की एकेकाला आत सोडतो. ही ओसरी म्हणजे बफर. ती भरली की पुढच्या पाकिटाला दारातूनच हाकलतो, विचारपूस नाही, निरोप नाही. किती हाकलली त्याचा आकडा मात्र इमानाने ठेवतो. त्या आकड्याला आम्ही गळती म्हणतो. इथली गळती बघून मी कपाळाला हात लावला. कुणाची आजी ‘पाय’ म्हणाली आणि पुढचं ‘मोडला’ ओसरीवरून परत गेलं, असा कारभार.

एक गोष्ट बरी. कुणी बोललं, काही वाजलं, तरच पाकिटं होतात. शांततेची होत नाहीत. नाहीतर ओसरी कधीच पुरली नसती.

८ तारीख

साहेबांनी सांगितलं, महिनाअखेर वरची माणसं पाहणीला येणार. गळती शून्य दाखवा, नेमणूक पक्की. मी म्हटलं, आजच दाखवतो.

ओसरी मोठी करून पाहिली, थोडी गळती राहिलीच. मग ओसरीची मर्यादाच काढून टाकली. येईल तो बसेल, कुणालाही परत पाठवायचं नाही. त्या वेळी हेडफोन लावून थेट रांगेवरच ऐकत होतो. मर्यादा निघाली तेव्हा दोन्ही कानांत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, डोंगर चढून गेल्यावर कान मोकळे होतात ना, तसं. आणि पडद्यावर गळती शून्य!

फोनवर बोलणाऱ्या बायकांत सगळ्यांत जुन्या आहेत त्या मोठ्या बाई. त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्या काही खूश दिसल्या नाहीत. म्हणाल्या, आवाज स्वच्छ आहे, पण शिळा आहे. माझा ‘हॅलो’ आणि आजोबांचा ‘हॅलो’ एकमेकांच्या अंगावर पडतात. तुटलेलं मी जोडून घेत होते, शिळं ताजं कसं करू? मी म्हटलं, बाई, काही हरवत तर नाही ना? त्या म्हणाल्या, तुमच्या आधीचाही अगदी असंच म्हणायचा.

११ तारीख

गंमत झाली. बायकोच्या हातून ताट पडलं. मी ते पडताना पाहिलं, जमिनीवर गरगरताना पाहिलं, थांबताना पाहिलं. मग आवाज आला.

थकवा असेल. हसलो. बायको म्हणाली, ताट पडलं त्यात हसण्यासारखं काय? पण तिचे ओठ मिटले, त्यानंतर हे वाक्य आलं.

१४ तारीख

अंतर वाढतंय. बायको बोलते, मी नुसता बघत राहतो. उत्तर देतो तोवर ती दुसऱ्या विषयावर गेलेली असते. आज म्हणाली, एवढे पक्के नोकरदार झालात की घरच्यांशी बोलायला वेळ लागतो?

मोठ्या बाईंना सहज विचारल्यासारखं आधीच्या माणसाबद्दल विचारलं. म्हणाल्या, भला होता, पण मंद वाटायचा. आम्ही विनोद करायचो आणि कप धुऊन झाल्यावर हा हसायचा. पुढे रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेला. ट्रकवाला शपथेवर सांगत होता, हॉर्न वाजवला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, वाजवलाच असेल हो.

मी रस्ता आता दोन्हीकडे बघून ओलांडतो. पुन्हा पुन्हा बघून.

१६ तारीख

आज प्रयोग केला. बायको बोलत असताना लॅपटॉपवरून केंद्रातल्या यंत्रावर मर्यादा परत घातली. तत्क्षणी कान ताळ्यावर आले! ओठ आणि शब्द एकत्र. पण रांगेत बसलेलं सगळं फेकलं गेलं. ती शेवटी म्हणाली, मग सांगा ना, काय करायचं? कशाचं काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. परत विचारलं तर म्हणाली, राहू द्या.

तासाभरात साहेबांचा फोन, गळती पुन्हा दिसतेय. पाहणी तोंडावर आहे. मर्यादा काढली. महिनाअखेरपर्यंत कळ काढतो. बायकोला काही सांगितलेलं नाही. कानांवर नोकरी मिळवली आणि कानच बिघडले, हे कुठल्या तोंडाने सांगू?

१९ तारीख

रांगेत आमच्या घरातले नसलेले आवाज आहेत.

आधी वाटलं शेजारचे. नाही. एक म्हातारा म्हणतो, ऐकू येतंय का. एक बाई नुसता पत्ता सांगते, परत परत, अर्धाच. कुणाचा श्वास. सगळे तुकडे. आणि बरोबर तेच तुकडे, जे बोलण्याच्या मधून गळून जातात.

माझ्या आधीच्या वर्षांत ओसरीवरून परत पाठवलेले हे. मर्यादा निघाली आणि सगळे येऊन बसले. माझ्यात बसले. घरातला प्रत्येक आवाज आता त्यांच्यामागे थांबतो.

उपाय एकच सुचतो. शांततेची पाकिटं होत नाहीत. नवीन काही येऊ दिलं नाही तर रांग सरेल. रजा घेतली. अडगळीच्या खोलीत दार लावून बसतो. बायकोला म्हटलं, काही दिवस माझ्याशी बोलू नकोस. घरात आवाज करू नकोस.

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते लिहवत नाही.

२१ तारीख

संध्याकाळी ती दारात आली. हातात पिशवी. काहीतरी बोलली. मला ओठ वाचता येत नाहीत. मी मान हलवली, होय अशी. ती गेली.

मी ‘होय’ कशाला म्हणालो?

तिचं बोलणं माझ्यातच आहे. कुठेतरी मागे. पुढे म्हातारी माणसं—

२२ तारीख, सकाळ

तिला फोनवर निरोप पाठवला. काल काय म्हणालीस ते लिहून पाठव. उत्तर नाही.

लॅपटॉप समोर आहे. मर्यादेची ओळ लिहून ठेवलीय, फक्त बटण दाबायचं. कान आत्ता ताळ्यावर येतील. तिचं बोलणं जाईल. कायमची सोडून गेली असेल आणि का गेली तेच मी फेकून दिलं तर?

नाही दाबत. एक आजोबा मोजतायत. श्वास मोजतायत बहुतेक—

२२, दुपार

रांग पुढे सरकतेय. कमी झालेत. एकोणीस तारखेची भांडी वाजली. माझंच बोलणं आलं, ‘घरात आवाज करू नकोस.’ असा बोललो होतो मी? अशा आवाजात?

निरोपाला अजून उत्तर नाही. रागावली आहे. रागावू दे, पण—

२२, नंतर

आलं. तिचं बोलणं आलं. जसंच्या तसं लिहितो.

‘रागावून जात नाहीये. ताईला बरं नाही, रात्रभर तिच्याजवळ थांबते. सकाळी उजाडताच येते. जेवण झाकून ठेवलंय. बोलू नका हवं तर, पण जेवा.’

दार लागलं. मी रडलो. सोडून नाही गेली! सकाळी ये—

सकाळ तर होऊन गेली.

२२

लगेच पुन्हा दार. मधल्या शांततेची पाकिटं नाहीत, म्हणून लगेच. चपला. पिशवी ठेवली. स्टूल ओढलं. हळू, माझ्यासाठी हळू—

पडल्याचा आवाज. मधल्या खोलीत.

मग बाईचा आवाज. पडले मी. उठवत नाही. वाटलं, त्यांच्यातलीच कुणी. त्या सगळ्या हेच म्हणतात. पुढची हाक—

अहो. आहात ना आत? अहो.

तिचा आवाज.

मग टिंग. तिचा फोन. माझा निरोप. सकाळचा—

मग हाका. बारीक होत जाणाऱ्या. मग काही नाही. काही नाही म्हणजे किती वेळ, ते रांगेत नसतं—

दाराखालचा उजेड पिवळा झालाय. मधल्या खोलीची भिंत माझ्या पाठीशी आहे. सकाळपासून मी तिलाच टेकून—