फुलीचं ताट

अण्णा, तुमच्या ताटाचा फोटो परदेशात छापून आला आहे. आपलं ते जाड स्टीलचं ताट, स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवून काढलेलं. कडेला कोरलेलं तुमचं नाव दिसू नये म्हणून तेवढा भाग बोटाने झाकला आहे. बोट माझं आहे. नावाशेजारची फुली मात्र स्वच्छ दिसते. पुस्तक छान गुळगुळीत आहे. तीन देशांतल्या लोकांनी मिळून या आजारावर काम कसं केलं, त्याची हकिकत त्यात आहे, आणि त्या हकिकतीत एका पानावर आपलं घर आहे.

नगऱ्यात, आपल्या या हिंदी मुलखातल्या वस्तीत, तुम्हाला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. रेल्वे वर्कशॉपमधले फिटर म्हणून, आणि भांड्यांवर नावं घालून देणारे म्हणून. रविवारी दारात पोतं अंथरून तुम्ही बसायचात. लहान हातोडी, बारीक टोकाचा पंच, एकेक ठिपका ठोकत अक्षर उमटायचं. आपल्या मराठी घरांची भांडी यायचीच, पण समोरच्या चाचीसुद्धा पातेलं घेऊन यायच्या. "भैया, हमाई बटलोई पे भी नाम डाल दो, हर ब्याह में गुम जात है." तुम्ही म्हणायचात, नाव घातलं तरी गुम होईल, फक्त चोराला तुमचं नाव कळेल. चाची हसत, पण भांडं ठेवूनच जात. आईला वाचता येत नव्हतं, तरी रॅकवरची भांडी कुणाची ती ठिपक्यांवरून बोट फिरवून ओळखायची.

संध्याकाळचा भोंगा झाला की मी दारात उभी राहायची. तुम्ही हातपाय धुऊन जेवायला बसलात की पहिला घास माझा. तुमच्याच ताटातला, तुमच्याच हातचा. मी अकरा वर्षांची झाले तरी हे चालूच. आई म्हणायची, घोडी झाली आता, स्वतःचं ताट घे. तुम्ही म्हणायचात, राहू दे, सासरी गेल्यावर घेईल.

मग तुमचा ताप. सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या. तो आजार कुठून आला, हे मी आजही विचारत नाही. आता माझं कामच असं आहे की समोरच्याला हा प्रश्न विचारायचा नाही, हा पहिला धडा. आईची आणि माझी तपासणी झाली, आम्ही दोघी सुटलो. तेव्हा तिथे कसला तरी अभ्यास चालू होता. बाहेरच्या देशांतले डॉक्टर आणि आपले डॉक्टर मिळून. तुम्ही सही केलीत, रक्त दिलंत. घरी येऊन म्हणालात, "मी भुसावळच्या पलीकडे गेलो नाही पोरी, पण माझं रक्त बघ, विमानाने चाललंय." आई रडत होती आणि तुम्ही तिला हसवत होतात. त्या रक्तातून काय कळलं, ते आपल्याला कुणी कळवलं नाही. नोकरीला लागल्यावर मी जुने कागद शोधून वाचले. त्यात नुसते आकडे आहेत. त्यांतला एक आकडा तुम्ही असाल.

तुम्ही रक्त दिलंत त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांनी माझ्या हातात एक पत्रक दिलं. "बिटिया, घर में सबको पढकर सुना देना." हिंदीत होतं, खाली परदेशी संस्थांची चिन्हं होती. घरात कागद वाचायचं काम माझं. रेशनचा, शाळेचा, वर्कशॉपचा, सगळे कागद मी हिंदीतून वाचायची आणि आईला मराठीत सांगायची. मला त्याचा फार अभिमान होता. आई तांदूळ निवडत होती. मी वाचत गेले. सुई एकाची दुसऱ्याला वापरायची नाही. रक्त सांडलं तर काय करायचं. मग चौकटीत एक ओळ होती, जाड अक्षरात. साथ खाने से, एक ही थाली और गिलास से यह रोग नहीं फैलता.

ती ओळ मी मनात वाचली. दोनदा वाचली. अण्णा, तेव्हा तुमच्या तोंडात पांढरे चट्टे आले होते. घास देताना तुम्ही हसलात की ते दिसायचे. मला शिसारी यायची आणि शिसारी येते म्हणून स्वतःची लाज वाटायची. ती ओळ मोठ्याने वाचली असती तर आईने मला रोज तुमच्याच ताटाशी बसवलं असतं. आईने हात थांबवून विचारलं, "ताटावाटीचं काही लिहिलंय का गं?" मी म्हटलं, नाही. "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

त्या संध्याकाळी आईने तुमचं ताट रॅकवरून काढून वेगळं ठेवलं. तिने दुसरं काय करायचं होतं? गल्लीत बायका काहीबाही बोलत होत्या आणि शिकलेल्या मुलीने कागद वाचून तिला एवढंच सांगितलं होतं.

रविवारी तुम्ही कॅलेंडरमागे खोचलेलं ते पत्रक काढलंत. चष्मा लावलात. तुम्ही भुसावळला आठवीपर्यंत शिकला होतात, हिंदी तुम्हाला वाचता यायची, फक्त वेळ लागायचा. ओळीखालून बोट सरकत होतं. मी समोर वही उघडून बसले होते. चौकटीपाशी बोट थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. मग तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. मी मान खाली घातली. तुम्ही पत्रक घडी करून जागेवर ठेवलंत आणि म्हणालात, "पोरी, हातोडी दे." मी दिली. तुम्ही स्वतःच्या ताटावर, नावाशेजारी, फुली ठोकलीत. आईने आतून विचारलं, काय करताय? "खूण करतोय. घोळ नको." मला रागावला असतात, एक थप्पड दिली असतीत, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

होळीपासून दिवाळीपर्यंत तुम्ही दाराशी स्टुलावर ताट ठेवून जेवलात. स्वतःचं ताट स्वतः घासलंत. हात थरथरायला लागले तेव्हाही आईला घासू दिलं नाहीत. मी घरात तुमच्याकडे पाठ करून जेवायची. तुम्ही ज्या गोळ्यांवर जगला असतात त्या आपल्याच देशात बनत होत्या, जहाजाने दूरच्या देशांत जात होत्या, आणि आपले डॉक्टर सांगत होते की अजून इकडे सगळ्यांना मिळत नाहीत. तुमच्या वर्षश्राद्धानंतर त्या फुकट मिळायला लागल्या. आधी मोठ्या शहरांत, मग इथे. आज त्या मी रोज लोकांच्या हातात देते. कोण कुणाला मदत करत होतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मी बी. ए. झाले, अण्णा. घरातली पहिली. आईने गावात पार लक्ष्मी गेटपर्यंत जाऊन पेढे आणले. मग याच आजारावरच्या, बाहेरच्या देशांच्या मदतीने चालणाऱ्या प्रोजेक्टवर लागले, कारण मला खरंच वाटतं की वेगवेगळ्या देशांची माणसं एका टेबलाशी बसली तर मरणारा माणूस वाचतो. अजूनही वाटतं. मी रोग्यांना समजावते, त्यांच्या ग्लासातलं पाणी त्यांच्या बायकांसमोर पिऊन दाखवते. परदेशी पाहुणे आले की दुभाषी मीच. रोगी बुंदेलीत बोलतात, आमचे साहेब हिंदीत, पाहुणे इंग्रजीत, आणि मधे मी.

मागच्या वर्षी परदेशातून एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. साध्या, मायाळू. त्यांनी विचारलं, तू या कामात कशी आलीस? मी सांगितलं. ताट वेगळं ठेवल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, असं का केलं घरच्यांनी? माझ्या तोंडून सहज निघालं की आई शिकलेली नव्हती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाईंचे डोळे भरले. त्यांनी माझा हात धरला. मी तो काढून घेतला नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या पुस्तकासाठी फोटोवाला आला, तेव्हा मी ताट खिडकीत ठेवलं आणि नावावर बोट ठेवलं.

पुस्तक परवा आलं. त्यात लिहिलं आहे की अज्ञानापोटी पत्नीने त्यांचं ताट वेगळं केलं, आणि त्यांची शिकलेली मुलगी आज ते अज्ञान दूर करते आहे. मी ते घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, हे चुकीचं आहे, पत्रक माझ्याकडे होतं, लपवलं मी. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, अब तो छप गया. मम्मी का नाम थोडे ही है उसमें." मी म्हटलं, पुढच्या वेळी तरी दुरुस्त करा. ते हसले. "किसको समझाओगी? अनपढ थीं, यह बात सबकी समझ में आती है. पढी-लिखी बच्ची ने छुपाया, यह सुनकर कोई क्या सीखेगा?" मी चहा प्यायले आणि बाहेर आले. त्यांना सांगायला हवं होतं: शिकलेली माणसंही लपवतात, हेच सगळ्यांनी शिकायला हवं.

संध्याकाळी घरी आले तर आई जेवायला बसली होती. तुमच्या ताटात. तुम्हाला सांगायचं राहिलं, तुमचे दिवसवार झाल्यापासून ती रोज त्याच ताटात जेवते. एकदा मी विचारलं होतं तर म्हणाली, ताट काही मेलं नाही. मी ठरवून आले होते की आज सगळं सांगायचं. पत्रक, चौकट, तुमचं बोट. तिने पुस्तक बघितलं, फोटो ओळखला, ओला हात पदराला पुसून फुलीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "वाच गं, काय लिहिलंय आपल्याबद्दल." मी वाचलं. इंग्रजीतून मराठीत सांगत गेले. तुम्ही वर्कशॉपमधले चांगले कारागीर होतात, हे सांगितलं. तुम्ही आजारात धीर धरलात, हे सांगितलं. मुलगी आता लोकांच्या उपयोगी पडते, तेही सांगितलं.

आईने विचारलं, "एवढंच?"

मी म्हटलं, एवढंच.