तीन अक्षरांवर सही

ता. ४

चि. भिंगरीस, अ. आ.

फोन हरवून बसलास, म्हणून पत्र. आबांना दवाखान्यात ठेवलंय, दम फार लागतो. इथं सगळे तुकड्या-तुकड्यांत बोलतात. ईसीजी, एबीजी, आयव्ही. काल मोठे डॉक्टर चालता चालता म्हणाले, डीएनआर करायचं का ते घरात ठरवा आणि सही द्या. म्हणजे काय ते विचारेपर्यंत ते पुढच्या खाटेपाशी. आई म्हणते, पोराला विचारल्याशिवाय सही करू नकोस. आबा शुद्धीवर आहेत. स्वारी सध्या कुठे, असं रोज विचारतात. लगेच कळव.

तुझी ताई

ता. ९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र दोन पत्ते फिरून पोचलं. सध्या गोदामात खोकी चढवतो. इथली मांजर फक्त मुकादमाच्या टोपीत झोपते, आणि मुकादम तोवर उन्हात बोडका... ते राहू दे. अक्षरांचा ताप इथंही आहे. एसकेयू बघ, जीआरएन लाव. मला ओ की ठो कळत नाही. पण आबांनीच शिकवलंय ना, चारचौघांत अडाणी दिसायचं नाही, मान डोलवायची. आजवर काही बिघडलं नाही. डीएनआर ही कसली तरी तपासणीच असणार. शंकेखोर बाई, कर सही! पगार झाला की निघतोच. आईला नमस्कार. लोभ आहेच, थोडा वाढव.

तुझा भिंगरी

ता. १७

चिरंजीव भावास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी सही केली. आबांना सांगितलं, तर हसले. म्हणाले, शहाणा झाला पोरगा.

परवा मी त्यांचे केस विंचरत होते. श्वास अडकला. मी ओरडले. नर्स धावत आली, खाटेची पाटी बघितली आणि हात खाली सोडून उभी राहिली. मी तिला ढकललं, काहीतरी कर म्हटलं. ती हळूच म्हणाली, श्वास थांबला तर परत सुरू करायचा नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. डीएनआर म्हणजे एवढंच. कंगवा माझ्या हातातच होता.

डॉक्टर नंतर म्हणाले, प्रयत्न केला असता तरी वाचलेच असते असं नाही. या 'असं नाही'वर मला आता जन्म काढायचाय.

आईला वाटतं, सगळ्यांनी जिवाचं रान केलं. ये. ती बोलेल तेव्हा समोर बस आणि मान डोलव.

लोभ वाढव म्हणालास. सध्या आहे तेवढाच पुरवून घे.

तुझी ताई