चार नंबरचा डबा

३ एप्रिल, गुरुवार
क्लासला गेले गुडघ्यासाठी, घेऊन आले भलतंच. तासगावच्या हॉलमध्ये आसनं झाली की शेवटची दहा मिनिटं सुभेदार मास्तर काहीतरी 'विचार' सांगतात. दहिवडीकडचे, मिलिटरीतून रिटायर, आता इथं मुलाकडं असतात. इतके दिवस त्या दहा मिनिटांत मी एसटीची वेळ बघायचे. आज म्हणाले, "ताई, बघणारा येगळा, दिसतंय ते येगळं. मन बी दिसतंयच की तुमाला. मग बघतंय कोण?"

अंगावर काटा आला. खरंच, बघतंय कोण? एसटीत तोच विचार, आपला स्टॉप निघून गेला, पुढच्या फाट्यावरून चालत आले. गुडघा ठणकायला लागला. म्हटलं, ठणकतोय गुडघा, मी नुसती बघतेय. लय मजा वाटली. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, बघणारीनं जरा चहाचं बघावं.

वही म्हणून काढली. हे लिहून ठेवलं नाही तर उडून जाईल.

५ एप्रिल, शनिवार
शेडमधला शेवटचा बेदाणा जाळीवरून उतरवला. दिवसभर काड्या काढत बसले, डोक्यात कालचा क्लास. सु. मा. (आता असंच लिहिणार) म्हणाले, बघणारा आणि बघायचं साधन एकच धरून बसलं की 'मी' तयार होतो. त्याला अस्मिता म्हणायचं. मग 'माझं' आलं, मग राग, मग धाकधूक, दुःखाचं सगळं खटलं त्याच्या मागनं. दोन्ही वेगळं दिसायला लागलं की तो विवेक. म्हणजे मूळ एवढंसंच! एवढं उपटलं की माणूस सुटला! मी काड्या टाकून उभीच राहिले.

कुंपणापलीकडं मंगल, माझी धाकटी जाऊ, तिचा माल निवडत होती. शेडची वाटणी झाल्यापासून तीन वर्षं आमचं बोलणं नाही. बोलायचं असलं की आपापल्या म्हशीशी बोलतो, पलीकडं ऐकू जाईल असं. मी आमच्या म्हशीला म्हटलं, काय गं, सगळी भांडणं अस्मितेपायी होतात, माहीत आहे का? पलीकडून मंगल तिच्या म्हशीला म्हणाली, "ऐक बाई. आता तुला बी क्लास लागला."

हसू आलं. दाबलं.

७ एप्रिल, सोमवार
आमच्या बायकांच्या बचत गटाची मीटिंग. सांगलीच्या प्रदर्शनात आपल्या गटाला टेबल मिळालंय, पहिल्यांदाच. पुढं मोठ्या काचेच्या बरणीत एकीचाच बेदाणा ठेवायचा. जिचा ठेवला तिनं तिथं उभं राहून येणाऱ्याला माहिती द्यायची. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. बावीस वर्षं बेदाणा करतेय, साहजिकच आहे.

पण मी उठले आणि म्हटलं, असं नको. नाव झाकून निवडू. डब्यावर फक्त नंबर, यादी विमलताईंकडं (आमच्या अध्यक्ष). माणूस बघायचं नाही, दाणा बघायचा, विवेक तो हाच. टाळ्या पडल्या! घरी येईपर्यंत पाय जमिनीला नव्हते.

इथं तरी खरं लिहावं. झाकला तरी माझाच उठून दिसणार, हे मला माहीत होतं. उलट मग वशिल्यानं मिळाला असं म्हणायला कुणाला जागा नको.

१० एप्रिल, गुरुवार
लिहवत नाही. तरी लिहिते.

गटाचे एकसारखे आठ डबे मांडले होते, नंबर विमलताईंनी टाकलेले. दोन नंबर बघताक्षणी ओळखला. लांब दाणा, हिरवागार, एक काडी नाही. माझा. सगळ्यांना शिकवलं पण वर, बघा, वारा कसा नीट खेळलाय, ह्याला ऊन लागू दिलेलं नाही. मग चार नंबरचा दाणा तोंडात टाकला. काळपट, दाताला चिकटणारा. म्हटलं, "हा कुणी घाईनं उतरवलाय? बरणीत कसला ठेवताय, म्हशीला घाला." सगळ्या हसल्या. मंगल हसली नाही. म्हटलं, तिचाच असणार.

विमलताईंनी यादी वाचली. दोन नंबर मंगल. चार नंबर मी.

आणि माझ्या जिभेला काही हाड आहे का? म्हणाले, "डबे बदललेत कुणीतरी." म्हणाले ते म्हणाले, बघितलं मंगलकडं. घरोघर जाऊन डबे तिनंच गोळा केले होते.

विमलताईंनी लगेच सावरलं. व्हय व्हय, तसंच झालं असंल, रविवारी परत बसू. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मंगल म्हणाली, "आक्का, मी झाकण बी उघडलं न्हाई."

तीन वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

११ एप्रिल, शुक्रवार
सकाळीच शेडमध्ये जाऊन आपला बॉक्स फोडला. खाल्ला. काळपट. चिकट. पश्चिमेची हिरवी नेट फाटली होती, ऊन आत येत होतं, आणि मीच ह्यांना म्हटलं होतं यंदाचं राहू दे. म्हणजे चार नंबर माझाच. एवढं धडधडीत असून डोळ्यांना दिसलं नाही. बावीस वर्षं!

हे आता मला एकटीला माहीत आहे. गप्प बसले तर रविवारी बरणीत माझाच बेदाणा. विमलताईंचा फोनही आला, निवडून चांगला माल काढून ठेवा म्हणून. आणि डबे बदलणारी म्हणून गावात मंगलचं नाव.

संध्याकाळी क्लास. सु. मां.ना विचारलं, अशी अशी एक बाई आहे. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, त्यांचे वडील दोनशे मेंढरं नुसत्या आवाजावरून ओळखायचे, पण आपल्याला राग आलाय हे त्यांना आईनं सांगावं लागायचं. मग म्हणाले, "त्या ताईंना सांगा, झालं ते झालं. ते भोगायचं. म्होरचं दुःख अजून आल्यालं न्हाई. तेवढं टाळता येतंय." आणि चटई गुंडाळता गुंडाळता, "आन् त्यांचा गुडघा कसा हाय?"

शरमेनं पाणी पाणी झाले.

पण एसटीत काय झालं ते लिहायलाच हवं. खिडकीशी बसले होते. छातीत आग. मंगलचा हिरवा दाणा डोळ्यांपुढून हलेना. आणि एकदम ती आग दिसली. म्हणजे ती तिथं होती आणि मी तिला बघत होते, मी तिच्यात नव्हते! एका स्टॉपपासून दुसऱ्या स्टॉपपर्यंत, बस. नंतर धपकन परत आत पडले. पण दिसलं! नुसतं सांगायचं-ऐकायचं नाही, खरंच आहे हे! कंडक्टरलाही सांगावंसं वाटत होतं.

१३ एप्रिल, रविवार
सांगून आले.

विमलताई बोलायच्या आधीच उठले. म्हटलं, "डबे बदलले नव्हते. चार नंबर माझाच आहे. मंगलवर मी खोटा आळ घेतला." खाली बसले. वाटलं होतं मरेन. मेले नाही. मेलं असेल तर दुसरंच काहीतरी, आणि तेव्हा इतकं हलकं वाटलं, इतकं मोकळं, की रडायच्या जागी हसूच यायला लागलं. बायकांना वाटलं डोकं ठिकाणावर नाही.

मग एकेक जण जवळ येऊन म्हणायला लागली, तुमच्यासारखं मन हवं, दुसरीनं कबूल केलं नसतं. आणि घरी येता येता मला ऐकू आलं, आतून कोणीतरी म्हणतंय, खरंच, किती मोठं मन माझं! ती 'मी' परत उठली की बया! मेली नव्हतीच, नुसती चक्कर आली होती. रस्त्यात उभी राहून हसले.

मंगल मात्र जवळ आली नाही. बरणी उचलली आणि गेली.

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी मंगल दिरांच्या गाडीवरून सांगलीला गेली. जांभळी साडी, मांडीवर बरणी, लेकरासारखी धरलेली. मी कुंपणापाशी उगाच झाडत होते. जळलं. चांगलं सणसणून जळलं. दिसलं पण. दिसलं म्हणून कमी झालं नाही, हे सु. मां.ना विचारायला हवं.

हे म्हणाले, एवढं वाटतंय तर पुढच्या वर्षी नेट बदलू. सरळ माणूस.

१६ एप्रिल, बुधवार
दुपारी कुंपणाच्या खांबावर एक स्टीलचा डबा. नंबर नाही, नाव नाही. पलीकडून मंगल तिच्या म्हशीला म्हणाली, "आक्कांना म्हणावं, नाव लिवलं न्हाई. वळखा."

माफ केलं की टोमणा मारला, कळेना. आवाजावरून नाही, कशावरून नाही. विचारायला कुंपणापर्यंत गेले तोवर ती आत निघून गेली होती.

मूठभर बेदाणा खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. गोड होता. मंगलचा असेल, प्रदर्शनासाठी पाकिटं भरताना उरलेला सगळ्यांचा मिसळून असेल, मला सांगता आलं नाही. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, सांगता येत नाही ह्याचं काही वाटलं नाही. सगळा संपवला की मी! ह्यांच्यासाठी दोन दाणे ठेवले.

डबा घासून ठेवलाय. रिकामा काही परत देता येत नाही. साखर घालून दिली तरी चालतं, सगळ्या तसंच करतात. साखर काढूनही ठेवली.

दुसरं गोड म्हणजे घरात माझा चार नंबरचा बेदाणाच आहे. दोन्ही पुढ्यात घेऊन बसलेय.