राणीच्या तोंडचं एक वाक्य

आप्पा,

तुमचं नाटक पुन्हा करायचं म्हणतायत. कामगार कल्याण केंद्रातली तुमची मंडळी, म्हणजे त्यातली उरलेली तिघं, मागच्या रविवारी आकुर्डीच्या घरी आली होती. सगळे कधीच रिटायर झालेले, एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी तीन जिने चढून आली. नाटकाचं पुस्तक काढायचंय, प्रयोगही करायचाय, आणि प्रस्तावना मी लिहायची. "मॅडम, तुम्ही कॉलेजात मराठी शिकवता, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? आप्पांच्या नाटकातल्या त्या राणीवर जुन्या काळापासून कुणी कुणी काय लिहिलंय, ते सगळं येऊ द्या त्यात," असं म्हणाले. चहा पिता पिता एकानं उसासाही टाकला, "आप्पांनी दुःख गिळलं हो, पण नाटक दिलं." मी बशीत बिस्किटं मांडत राहिले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुमचं दुःख अजून ताजं आहे, आप्पा! आईचं कुणी विचारलं नाही. ती चाकणला राहते, सत्त्याहत्तर वर्षांची आहे, हे तिघांनाही ठाऊक आहे.

गोष्ट तर शेंबड्या पोरालाही माहीत. राजाला अमर करणारं फळ मिळतं. तो ते प्रेमानं राणीला देतो. राणी ते तिच्या आवडत्या माणसाला देते, तो माणूस त्याच्या आवडत्या बाईला देतो, आणि ती बाई ते फळ आणून राजालाच नजर करते. राजाला सगळं उमगतं, वैराग्य येतं, तो राज्य सोडून रानात जातो. पुढं शेकडो वर्षं लोक त्याचं नाव घेतात, म्हणजे फळ न खाताच अमर होतो. राणीचं काय झालं, ते ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं ठरवलं.

तुमच्या कपाटातली चोपडी मी खाली काढली. ह्या राणीवरचं दिसेल ते तुम्ही जमवून ठेवलं होतंत, समासात पेन्सिलीनं खुणा करून. आठवडाभर वाचत बसले. सगळ्यांत जुनं जे आहे, त्यात राजाच बोलतो आणि साऱ्या जगाला शिव्या घालतो. राणीला एक अक्षर नाही. मग पोथ्या आल्या. तिथं ती दाखल्यापुरती, बाईच्या जातीवर भरवसा ठेवू नये ह्याचा दाखला. आळंदीला तुम्ही मला एका कीर्तनाला नेलं होतंत, आठवतं? बुवांनी राणीचं नाव काढलं आणि पुढं बसलेल्या बायकाच आधी च्च च्च करायला लागल्या. वगात ती लोकांना हसवायला आहे. नाटकवाल्यांनी तिला पदं दिली, पानभर पश्चात्ताप दिला आणि शेवटी विष दिलं. अलीकडचे लेखक तर भलतेच उदार. ते तिची बाजू घेतात. राजाला तिचं मन कळलं नाही, तिच्या देहालाही काही हक्क आहेत, वगैरे वगैरे. म्हणजे केलं तिनंच, हे ह्यांनाही पक्कं ठाऊक; फक्त ह्यांनी तिला माफ केलंय. मोठे आले माफ करणारे! आणि तो माणूस मात्र दर पुस्तकात वेगळा. कुठं घोड्यांकडं बघणारा, कुठं माहूत, कुठं कोतवाल. अहो, बाईवर आळ घ्यायचा तर निदान माणूस तरी एक ठरवा! पुरावा काय, तर फळ. तिच्या हातात दिलेलं फळ भलत्याच हातातून परत आलं, एवढंच. मधे कुणाचे हात लागले ते एकानंही विचारलं नाही. राजवाड्यात काय राणी एकटीच राहत होती?

हे मी प्रस्तावनेत लिहिलंय. दोन पानं झाली, चांगली झाली. तिसऱ्या पानावर तुमचं नाटक येतं आणि तिथं माझा हात थांबतो. कारण तुमच्या नाटकातलं फळ हे फळ नव्हतंच, आप्पा. डबा होता.

तीन पुडांचा स्टीलचा डबा. चाकणच्या आजोबांनी आईला लग्नात दिलेला, आणि वरच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं. मी बारावीत होते. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला घरी आलात, चपला न काढता स्वयंपाकघरात गेलात आणि तो डबा ओट्यावर ठेवलात. आई कणीक मळतेय. मी दारात उभी आहे, हातात वही आहे. तुम्ही हळू आवाजात सांगितलंत. कंपनीच्या गेटवर दापोडीहून सामान घेऊन येणारा एक टेम्पोवाला सावलीत बसून ह्या डब्यात जेवत होता. तुम्ही झाकणावरचं नाव वाचलंत आणि त्याला विचारलंत, डबा कुणी दिला? तो हसला आणि म्हणाला, "कुणी दिला काय विचारता राव, नाव लिवलंय की वर!" बिचाऱ्यानं सहज थट्टा केली. ते नाव कुणाचं आणि विचारणारा कोण, त्याला काय माहीत! पण बाकीचे ऐकत होते, आणि तुमच्यासोबत काम करणाऱ्या निम्म्या लोकांना तुमच्या बायकोचं नाव माहीत होतं.

"हा त्याच्याकडं कसा गेला?" तुम्ही विचारलंत. आईनं डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, पापणी लवायला लागते तेवढाच वेळ. आणि पुन्हा परातीत हात घालून म्हणाली, "दिला आसंल मी." तुम्ही म्हणालात, "कशासाठी?" ती म्हणाली, "मानसाला भूक लागती." एवढंच बोलणं झालं. तुम्ही तिला मारलं नाही, शिवी दिली नाही, हे तुमचं मोठेपण सगळी कॉलनी अजून सांगते. मारलं असतं तर बरं झालं असतं, आप्पा. दोन दिवस सुजलं असतं आणि उतरलं असतं. तुम्ही चार महिने तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत आणि समोर टेबलाशी बसून नाटक लिहिलंत.

आता सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. डबा मी दिला होता. माझ्या वर्गातल्या मुलाला. त्याला आई नव्हती, तो मामाकडं दापोडीला राहायचा आणि दुपारी कॉलेजच्या नळाचं पाणी पिऊन बसायचा. मला तो आवडायचा. पुरणपोळ्या होत्या त्या दिवशी, मी स्वतः तुपाचा हात लावून भरल्या होत्या. डबा कुठं गेला असं आईनं विचारलं तेव्हा कॉलेजात विसरले म्हणून सांगितलं. त्यानं तो घरी नेऊन टाकला आणि त्याच्या मामानं कामावर न्यायला उचलला. मामा म्हणजे तो टेम्पोवाला. बघा, अगदी तुमच्या गोष्टीसारखं, हातोहात. आईनं त्या एका नजरेत सगळं ओळखलं. तिला हेही माहीत होतं, की तुम्हाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून माझं कॉलेज बंद आणि उन्हाळ्यात लग्न. म्हणून तिनं ते आपल्या अंगावर घेतलं. आणि मी ते घेऊ दिलं. चार महिने रोज सकाळी वाटायचं, आज सांगते; आणि रोज मी वेणी घालून कॉलेजला जात होते.

मग तालमी सुरू झाल्या. केंद्राच्या हॉलमध्ये, शिफ्ट सुटल्यावर. राणीसाठी ठरलेली बाई ऐन वेळी नाही म्हणाली, आणि तुमची फेअर कॉपी करून करून मला सगळं पाठ. "पोरगीच उभी करा की आप्पा," कुणीतरी म्हणालं. तुम्ही क्षणभर माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "जमेल तुला?" तुम्ही मला उभं राहायला शिकवलंत, आवाज पोटातून काढायला शिकवलंत, शब्द पडला तर थांबून कसा उचलायचा ते शिकवलंत. आज वर्गात ऐंशी पोरं माझं ऐकतात ते त्यावर. शिकवलंत छान, आप्पा, त्यात खोट काढणार नाही. घरी गेलं की मात्र ताट वाढलेलं असायचं आणि वाढणारीकडं कुणी बघत नसे.

स्पर्धेचा प्रयोग चिंचवडला झाला. सगळी कॉलनी दोन गाड्या भरून आली. आई मागच्या रांगेत बसली, एकटी, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. गेटवरची ती थट्टा तोवर घरोघर पोचली होती, आणि ज्याला कळली नव्हती त्याला तुमचं नाटक बघून कळली. दुसऱ्या दिवसापासून नळावरच्या बायका तिला राणीसरकार म्हणायला लागल्या. "या राणीसरकार, आज काय बेत?" तिनं तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी एका पिशवीत दोन लुगडी आणि तो डबा घालून ती चाकणला भावाकडं निघून गेली. तुम्ही अडवलं नाहीत. कॉलनी म्हणाली, बघा, खोटं असतं तर गेली असती का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आपल्याकडं तर फाशी देणाऱ्यानंच वर संन्याशाचा मान घेतला. चाकणला तिनं आधी बाजारात कांदे निवडले. पुढं कंपन्या आल्यावर एका कंपनीच्या कँटीनमध्ये वीस वर्षं पोळ्या लाटल्या. रोज शेकडो परके पुरुष तिच्या हातचं जेवले. कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

गुरुवारी मी तिच्याकडं गेले होते. ती मेथी निवडत होती. नाटकाचं सांगितलं, तर म्हणाली, "करू द्या की. चांगलं लिवलं व्हतं त्यांनी. फकस्त त्या राणीला कायबी कामधंदा न्हाई, नुस्ती बसून बोलतीया." मला हसू आलं, तिलाही आलं. मग मी धीर करून विचारलं, "आई, प्रस्तावनेत खरं लिहू का?"

"कुनासाठी?"

"तुझ्यासाठी."

तिनं मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या. "माझ्यासाठी लिवायचं व्हतं, तर तवाच लिवायचं व्हतं, बाय. आता नळावरच्या त्या बी गेल्या आन् तुजा बाप बी गेला. तुला हलकं व्हायचं आसंल तर तसं म्हन. माझं नाव पुढं करू नगं." आवाज चढवला नाही. निघताना तिनं मेथीची भाजी आणि दोन भाकरी डब्यात घालून दिल्या. तोच डबा. झाकणावरचं नाव घासून घासून इतकं पुसट झालंय, की ठाऊक असल्याशिवाय वाचता येत नाही.

तो आत्ता माझ्या टेबलावर आहे, शेजारी प्रस्तावनेची दोन पानं. उद्या ती तिघं येतील. मी तिसरं पान लिहून देईन की "आप्पांचं नाटक ह्या परंपरेतलं महत्त्वाचं" असलं काहीतरी खरडून हात झटकीन, मला खरंच माहीत नाही. तुमच्यावर चिडायला इतकी वर्षं फार सोपं गेलं मला. तुम्ही विचारलं नाहीत, तुम्ही ऐकलं नाहीत, तुम्ही लिहून मोकळे झालात. हे सगळं खरं आहे आणि मी ते परत घेणार नाही. पण तुम्ही जाईपर्यंत सतरा-अठरा वर्षं मी तुमच्यासमोर होते. शेवटी दवाखान्यात तुम्हाला पेज भरवत होते. तेव्हाही नाही सांगितलं. तेव्हा तर माझं लग्नही झालेलं होतं, नोकरी होती, भीती कसली होती?

एकच सांगायचं राहिलं. शेवटच्या अंकात तुम्ही राणीला एक वाक्य दिलं होतंत: "ते फळ मी दिलं, माझ्या हातानं दिलं." तालमीत तुम्ही म्हणायचात, खाली बघून म्हण, लाजेनं म्हण. प्रयोगाला मी खाली बघितलं नाही. मागच्या रांगेत आईकडं बघून म्हटलं, आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं, जे तुम्ही लिहिलं नव्हतं. आई अंधारात हळूहळू मान हलवत होती. नको, नको. मी गप्प झाले. लोकांना वाटलं, काय थांबली पोरगी! टाळ्या पडल्या, तुम्ही विंगेत डोळे पुसत होतात, आणि अभिनयाचं पदक मला मिळालं.

आप्पा, मी तेव्हा अभिनय करत नव्हते.